जॉबरचा हात

सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर माधवनगर येतं. त्याला लागून बुधगाव, म्हणजे धाकट्या पातीच्या मिरज संस्थानची जुनी राजधानी. माधवनगरची ओळख मात्र संस्थानाने दिलेली नाही, ती सुताने दिली. कॉटन मिल, सायझिंग, यंत्रमागांच्या शेड आणि त्यांचा खडखडाट. मी याच आवाजात लहानाचा मोठा झालो. शेडमध्ये बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, म्हणून तिथली माणसं बरंचसं हातानेच बोलतात. कांडी संपली, तार तुटली, बीम उतरवायचा आहे, चहा आला, सगळ्याला खुणा आहेत.

या शेडमध्ये प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. कांडीवाला कांड्या भरतो, वहिफणीवाला नव्या बीमची एकेक तार वहीतून आणि फणीतून ओवतो, विणकर चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो, घडीवाला कापड तपासून घडी घालतो, दिवाणजी हिशेब ठेवतो. आणि माग बिघडला की ज्याच्याकडे सगळे बघतात तो जॉबर. धोटा का उडतोय, पट्टी का पडतेय, ताणा सैल का झालाय, हे त्याला मागाच्या नुसत्या आवाजावरून कळतं. बहुतेक जॉबर पूर्वी विणकरच होते. चांगला विणकर दिसला की शेठजी त्याला जॉबर करतात, त्याच्या हाताखाली पंधरा-वीस माणसं येतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने त्यांना सांभाळावं अशी अपेक्षा असते. ते कसं करायचं हे त्याला कुणी शिकवत नाही.

पुण्याच्या कंपन्यांत आज माधवनगर-बुधगावची कितीतरी मुलं काम करतात. तिथे जॉबर नाही, टीम लीडर असतो. पण त्याची कथा तीच आहे. ज्याचं स्वतःचं काम उत्तम, त्याला वरच्या खुर्चीत बसवतात. खुर्ची बदलते आणि काम मुळापासून बदलतं, हे मात्र त्याला काही महिन्यांनी, बरेचदा दोन-तीन माणसं दुखावल्यानंतर समजतं.

मलाही ते उशिराच समजलं. एका कारखान्याच्या नियोजन विभागात माझ्या हाताखाली पहिल्यांदा पाच जण आले, तेव्हा त्यातल्या सगळ्यात तरुण मुलाने केलेलं वेळापत्रक मी रोज संध्याकाळी थांबून स्वतः नीट करायचो. मला वाटायचं, मी त्याला मदत करतोय. तीन महिन्यांनी त्याने कच्चंच वेळापत्रक द्यायला सुरुवात केली, कारण साहेब ते बदलणारच हे त्याला ठाऊक झालं होतं. मग त्याने बदली मागितली. जाताना तो इतकंच म्हणाला, “सर, माझं कुठे चुकत होतं ते तुम्ही कधी सांगितलंच नाही.” ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. हा लेख त्यातूनच आला आहे.

चांगला कारागीर हाच चांगला वरिष्ठ होईल, ही समजूत किती खोटी ठरू शकते हे आता आकड्यांनीही दाखवलं गेलं आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या 131 कंपन्यांमधल्या विक्री करणाऱ्या माणसांच्या नोंदी तपासल्या आणि 2019 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कंपन्या सर्वाधिक विक्री करणाऱ्यालाच बढती देत होत्या, आणि ज्याची स्वतःची विक्री जितकी मोठी होती तितकी त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी सरासरीने खालावत होती. याचा अर्थ कुशल माणसाला बढती देऊ नये असा मी घेत नाही. काम येणं आणि काम शिकवणं ही दोन वेगळी कसबं आहेत, आणि दुसरंही पहिल्याइतकंच मेहनतीने शिकावं लागतं, इतकाच त्याचा अर्थ आहे.

ज्याला येतं त्याला शिकवता का येत नाही? 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांना सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायला सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं, शब्द आणि सूर चालू असतात, ऐकणाऱ्याच्या कानी नुसती टकटक येते. घरी कधी आपल्या आवडत्या गाण्याचा ठेका वाजवून मुलांना विचारून बघा. “एवढं सोपं कसं कळत नाही?” हे वाक्य आपोआप तोंडात येईल. नव्या वरिष्ठाच्या तोंडी दिवसातून चार वेळा येणारं वाक्यही तेच.

विणकराच्या गाठीचंच उदाहरण घ्या. ताण्याची तार तुटली की विणकर सुताचा तुकडा घेऊन गाठ मारतो, तार वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढून घेतो आणि माग चालू करतो. हाताला सवय असेल तर गाठ दोन-तीन सेकंदांत पडते. तुकड्याचं टोक आणि तारेचं टोक एकमेकांवर आडवी ठेवायची, जिथे ती ओलांडतात ती जागा अंगठ्याखाली दाबून धरायची, लांब धाग्याचा वेढा घ्यायचा, टोक त्या वेढ्यात खाली घालायचं आणि ओढायचं. ऐकायला सोपं आहे. पण नवशिक्याची गाठ ओढताना सुटते, नाहीतर जाड बसते. जाड गाठ फणीत अडकते आणि शेजारच्या दोन तारा तोडते. म्हणजे एक तार जोडायला गेला आणि दोन नव्या तुटल्या. जुना विणकर त्याला म्हणतो, “अरे बघ, अशी.” आणि पुन्हा दोन सेकंदांत गाठ मारून दाखवतो. पोरगं पुन्हा बघतं आणि पुन्हा त्याला काही कळत नाही.

याच गाठीशी एक मोठी गोष्ट जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी कधी यंत्र न पाहिलेली माणसं आली, त्यात बायकाही मोठ्या संख्येने होत्या. त्यांना पटकन शिकवणार कोण? 1940 साली सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा उपक्रम सुरू केला. कामगारांना थेट शिकवण्याऐवजी त्यांच्या मुकादमांना शिकवायला शिकवायचं, हे त्याचं सूत्र होतं. 1945 पर्यंत साडेसोळा हजारांच्या आसपास कारखान्यांतल्या साडेसतरा लाख मुकादमांनी ते शिक्षण घेतलं. त्याचा पाया चार्ल्स ॲलन या शिक्षकाने पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी तयार केलेल्या चार पायऱ्यांवर होता.

या वर्गातला पहिला धडा गाठीचाच असे. विजेच्या तारेची एक खास गाठ शिक्षक आधी फक्त बोलून समजावी. वर्गातल्या कुणालाही ती जमत नसे. मग तो काही न बोलता फक्त करून दाखवी. तरीही जमत नसे. बहुतेक मुकादम आपापल्या कारखान्यात याच दोन पद्धती वापरत होते आणि कामगाराला दोष देत होते, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळत असे. त्यानंतर शिक्षक चार पायऱ्यांनी शिकवी आणि समोरच्याला गाठ येई.

त्या पायऱ्या मी आपल्या शेडच्या भाषेत सांगतो. आधी समोरच्याला मोकळं करायचं. त्याला किती येतं ते विचारायचं, हे काम कशासाठी आहे ते सांगायचं आणि त्याला आपल्या समोर न ठेवता आपल्या शेजारी उभं करायचं, कारण समोरून बघितलेला उजवा हात डावा दिसतो. मग काम तोडून दाखवायचं, एका वेळी एकच पायरी आणि प्रत्येक पायरीतली मेख. गाठीतली मेख म्हणजे टोकं ओलांडतात तिथे अंगठा न हलवणं आणि टोकं आखूड ठेवणं. का, तेही सांगायचं: टोक लांब राहिलं तर फणीत अडकेल. तिसऱ्या पायरीत त्याने करायचं. पहिल्यांदा गप्प राहून, दुसऱ्यांदा स्वतः पायऱ्या बोलत, तिसऱ्यांदा मेख सांगत. तो बोलतो तेव्हाच कळतं की त्याच्या डोक्यात खरंच काय शिरलं आहे. शेवटी त्याला एकटं सोडायचं, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगायचं, आणि मधून मधून जाऊन बघायचं. हे जाणं आधी लवकर लवकर आणि मग विरळ होत जातं.

त्या वर्गात एक वाक्य ठसवलं जाई. कामगार शिकला नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही, असा त्याचा आशय. हे वाक्य कडू आहे आणि ते सगळ्या बाबतींत खरं नसेलही. पण नव्या वरिष्ठाने पहिली दोन वर्षं तरी ते खरं धरून चालावं असं माझं मत आहे, कारण त्यामुळे तो दुसऱ्याकडे बघण्याआधी आपल्या शिकवण्याकडे बघतो. युद्धानंतर ही पद्धत जपानने उचलली आणि टोयोटाच्या कारखान्यात ती आजतागायत टिकून आहे.

मग आपल्या शेडमध्ये ती का रुजली नाही? याचं एक कारण मजुरीत आहे. विणकराला पिकावर मजुरी मिळते, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती आणि कापड किती मीटर निघालं यावर. माग उभा राहिला की त्याचा पगार थांबतो. जॉबरने दहा मिनिटं थांबून विणकराला बिघाड समजावला तर त्या दहा मिनिटांचं नुकसान दोघांच्या डोळ्यांसमोर असतं आणि फायदा महिन्याभराने दिसणार असतो. म्हणून जॉबर पाना घेतो, स्वतःच दुरुस्त करतो आणि पुढच्या मागाकडे जातो. तोच माग दोन दिवसांनी पुन्हा थांबतो. पुण्याच्या कार्यालयात पिकावर मजुरी नसते, पण शुक्रवारची मुदत असते, आणि ती तेच करायला लावते.

दुसरं कारण जुनं आहे आणि मुंबईच्या गिरण्यांतून आलेलं आहे. तिथला जॉबर माणसं भरती करायचा, त्यांना काम लावायचा, गावाकडून आलेल्याला खोली बघून द्यायचा आणि काढूनही टाकायचा. एका माणसाच्या हातात एवढी सत्ता आली की दस्तुरी आलीच. नवा माणूस कामाला लागला तर त्याने जॉबरच्या हातावर पैसे ठेवायचे. शिकणंही असंच उपकाराच्या रूपात मिळायचं, भावकीतल्या किंवा गावच्या माणसाच्या शेजारी उभं राहून. 1929 साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने 1931 च्या अहवालात या जॉबरच्या सत्तेवर बोट ठेवलं आणि भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा असं सुचवलं. 1935 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली, तिचा एक हेतू हाच होता. पण ज्ञान ही आपली सत्ता आहे आणि ती वाटली तर आपण रिकामे होऊ, ही भीती त्या काळापासून अनेक शेडमध्ये आणि अनेक कार्यालयांत मुरून बसली आहे. सगळं शिकवलं तर मला कोण विचारणार, असं मनात येणारा वरिष्ठ वाईट माणूस नसतो. त्याला त्याच्या वरिष्ठाने कधी सांगितलेलं नसतं की आता तुझी किंमत तू घडवलेल्या माणसांवरून ठरेल.

ही किंमत ओळखणारा माणूस आमच्याच जिल्ह्यात होऊन गेला. माधवनगरच्या स्टेशनवर पुण्याकडे जाणारी गाडी धरली की नांद्रे, भिलवडी मागे टाकून ती किर्लोस्करवाडीला पोचते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव सगळ्यांना लोखंडी नांगरासाठी माहीत आहे. ते मुळात शिक्षक होते, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग ओळखण्यात डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामुअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि नांगर केले. बेळगाव नगरपालिकेने जागा रिकामी करायला लावली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. मार्च 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला सुरुवात झाली.

त्या माळावर पदवीधर अभियंते यायला तयार नव्हते. लक्ष्मणरावांनी जी माणसं मिळाली ती घेतली आणि त्यांना मोठं केलं. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आले होते, ते पुढे कल्पक अभियंता म्हणून ओळखले गेले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. शंभुराव जांभेकर यंत्रं आणि ओतकाम बघत आणि वेळप्रसंगी वसाहतीत औषधपाणीही करत. के. के. कुलकर्णी विक्रीपासून जे पडेल ते काम उचलत. या माणसांची जडणघडण शंकरराव किर्लोस्करांनी ‘यांत्रिकाची यात्रा’ या लक्ष्मणरावांच्या चरित्रात लिहून ठेवली आहे. मला त्यात दिसणारी पद्धत अशी: माणसाला त्याच्या झेपेपेक्षा जरा मोठं काम द्यायचं, ते पूर्णपणे त्याचंच ठेवायचं, आणि तो धडपडत असताना कारखान्यात त्याच्या जवळपास राहायचं. रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी शिक्षा भोगून सुटलेली माणसं नेमली होती. ज्यांच्यावर समाज कुलपं घालत होता त्यांच्या हाती कुलपं दिली, आणि ती माणसं त्या विश्वासाला जागली.

योगायोगाने याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ, 1939 मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली, जिथे जन्मठेपेचे कैदी भिंतीशिवाय राहून शेती करत. मॉरिस फ्रिडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. व्ही. शांतारामांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला आणि त्याची कथा त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांची. तिथला प्रश्न कारखान्यापेक्षा खूप अवघड होता, तरी उत्तर त्याच जातीचं होतं.

विश्वास टाकायचा म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडायचं असं मात्र नाही. नवे वरिष्ठ इथे दोन टोकांना जातात. काही जण प्रत्येक तारेत बोट घालतात, काही जण “तुम्ही समजदार आहात, बघा तुमचं तुम्ही” म्हणून निघून जातात, आणि दोन्हींत शिकणारा एकटा पडतो. शिक्षणशास्त्रात याला एक छान प्रतिमा आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी 1976 साली मुलं खेळण्यातले ठोकळे जोडायला कशी शिकतात याचा अभ्यास करताना मोठ्यांच्या मदतीला परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची लागते. भिंत उभी राहिली की ती काढत जायची. मूल अडलं की मदत एक पायरी वाढवायची, जमलं की एक पायरी कमी करायची, ही त्यातली युक्ती. शेडमध्येही हेच चालतं. नव्या विणकराला आधी दोन माग द्यायचे, मग चार. त्याच्या तारा वाढल्या तर पुन्हा दोनवर आणायचं, आणि हे त्याला शिक्षा वाटणार नाही अशा शब्दांत सांगायचं. वीस वर्षं माग चालवलेल्या माणसाला मात्र गाठ शिकवायला जाऊ नये. त्याच्याकडून आपण विचारून घ्यावं, आणि त्यानेच एका नव्या पोराला शेजारी घ्यावं.

आणखी एक गोष्ट नवे वरिष्ठ विसरतात. प्रत्येक माणसाला वेगवेगळं शिकवून झालं तरी कामाची रचना चुकीची असेल तर शिकवणं वाया जातं. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या एका गिरणीत आले होते. तिथे 224 स्वयंचलित मागांवर 29 माणसं बारा वेगवेगळ्या प्रकारची कामं करत होती. कांड्यांचं काम करणारा एकाकडून हुकूम घेई, तेल घालणारा दुसऱ्याकडून, आणि कुठलाही माग हा कुणाचाच नसे. राइस यांच्याशी बोलल्यावर कामगार आणि मुकादमांनी स्वतःच सुचवलं की 64 मागांसाठी सात जणांचा एक गट असावा आणि त्या मागांची जबाबदारी त्या सातांचीच असावी. गट कुणी नेमून दिले नाहीत, माणसांनी आपापसांत जमवले. सुरुवातीच्या गोंधळानंतर उत्पादन वाढलं आणि कापडातले दोष कमी झाले. सात जणांचा गट असला की नवखा माणूस आपोआप कुणाच्या तरी शेजारी उभा राहतो, आणि जॉबरवरचा शिकवण्याचा निम्मा भार तो गट उचलतो. पुण्यातल्या टीम लीडरने आपल्या आठ जणांना आठ वेगळी कामं वाटून देण्याआधी हे लक्षात ठेवावं.

रोजच्या बोलण्यातल्या दोन सवयींबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. पहिली, प्रश्न परत करण्याची. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांनी 1974 साली एका लेखात खांद्यावरच्या माकडाची गोष्ट सांगितली. हाताखालचा माणूस रस्त्यात भेटतो, “साहेब, एक अडचण आहे” म्हणतो, साहेब “बघतो” म्हणतात, आणि माकड त्याच्या खांद्यावरून साहेबांच्या खांद्यावर उडी मारतं. संध्याकाळी साहेबांकडे वीस माकडं आणि बाकीचे घरी. “बघतो” या शब्दाऐवजी “तुला काय वाटतं, पहिल्यांदा काय तपासशील?” असं विचारायला पंधरा सेकंद लागतात. उत्तर चुकीचं आलं तरी तो कुठून विचार करतो हे कळतं, आणि शिकवायला जागा सापडते. फक्त हा प्रश्न परीक्षा घेतल्यासारखा विचारायचा नाही. आवाजात खरी उत्सुकता असावी लागते, माणसाला ते लगेच कळतं.

दुसरी, चूक सांगण्याची. ॲव्रहॅम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 साली यावरचे सहाशेहून जास्त निष्कर्ष एकत्र तपासले. अभिप्राय दिल्याने सरासरीने काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते आधीपेक्षा बिघडलं. अभिप्राय माणसाच्या स्वभावाकडे, त्याच्या लायकीकडे वळला की मन कामावरून उडून स्वतःच्या बचावात गुंतायचं. “तू निष्काळजी आहेस” यातून काहीच हाती लागत नाही. “या गाठीची टोकं लांब राहिलीत, म्हणून फणीत अडकतंय” यातून पुढची गाठ सुधारते. आपल्याकडे शेडमध्ये रागावणं म्हणजे काळजी असं मानतात, आणि पुष्कळदा ती काळजी असतेही. पण चारचौघांत, खडखडाटावर चढवलेल्या आवाजात बोललेलं वाक्य शिकणाऱ्याला चूक लपवायला शिकवतं. एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजल्या तेव्हा चांगल्या पथकांत चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्या पथकांत चूक सांगायची भीती कमी होती, म्हणून त्या नोंदल्या गेल्या होत्या. जॉबरकडे “साहेब, मी काल गाठ चुकीची मारली” असं सांगत कुणी आलं, तर त्या जॉबरचं कसब मोठं आहे असं समजावं.

गूगलसारख्या कंपनीनेही 2008 पासून आपल्या वरिष्ठांचा अभ्यास केला, चांगल्या वरिष्ठाच्या आठ सवयी काढल्या, आणि त्यात चांगला शिकवणारा असणं पहिलं आलं, तांत्रिक ज्ञान आठवं. आमच्या शेडमधल्या एका म्हाताऱ्या जॉबरला हे कुणी सांगितलं असतं तर त्याला आश्चर्य वाटलं नसतं. तो नव्या पोराशेजारी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. पोराचं चुकत असताना त्याची बोटं पाठीमागे हलताना मी पाहिली आहेत. तरी तो हात पुढे आणायचा नाही. पोराने तीन वेळा प्रयत्न केला की मग एकदाच अंगठा कुठे हवा ते बोटाने दाखवायचा.

ज्यांच्या हाताखाली या महिन्यात पहिल्यांदा माणसं येणार आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. आपण ज्यात सगळ्यात पटाईत आहोत असं एकच काम निवडा. ते करताना एका कागदावर पायऱ्या लिहा, आणि प्रत्येक पायरीसमोर तिची मेख आणि तिचं कारण लिहा. हे लिहिताना बहुतेकांना कळतं की आपण आजवर ती मेख कुणालाच सांगितलेली नाही. मग आपल्यातल्या एकाच माणसाला शेजारी उभं करा आणि ते काम शिकवा. एकच माणूस, एकच काम, पहिल्या आठवड्यात. आणि जे शेठजी, जे संचालक अशी बढती देतात, त्यांनी त्या एका आठवड्यापुरता मीटरचा आणि मुदतीचा हिशेब बाजूला ठेवावा. एका मागाचं एका दिवसाचं कापड कमी निघेल, तेवढंच.